अप्पांचा नवा वाल

आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जन्मभर उत्तम वाल पिकवला आणि जन्मभर किडका वाल खाल्ला. एकट्यानं खाल्ला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. आम्हा सगळ्यांना खायला लावला.

विचुंब्याची आमची बहुतेक जमीन इमारतींखाली गेली. बंगल्याच्या मागे एक पट्टा उरला, तो अप्पांनी कुणाला विकू दिला नाही. पावसाळ्यात त्यात भात, आणि भात कापला की वाल. पाणी नाही, खत नाही, नुसती जमिनीतली ओल, आणि तरी वाल असा माजायचा की फाल्गुनात काढता काढता कंबर मोडायची. मग तो गच्चीवर वाळवायचा, झोडायचा, पाखडायचा, राख चोळून पुन्हा उन्हात टाकायचा. शेवटी पत्र्याच्या डब्यांत कडुलिंबाचा पाला घालून भरायचा आणि झाकणाच्या कडा शेणामातीनं लिंपायच्या. हा सगळा खटाटोप पावसाळ्यासाठी. पावसात भाजी मिळत नाही म्हणे! फाटकाबाहेर पाऊल टाकलं की भर आषाढात हवी ती भाजी मिळते, पण अप्पांना सांगणार कोण? घरात एसी एकच, पाहुण्यांच्या खोलीत. त्या खोलीत डबे. पाहुणे हॉलमध्ये, पंख्याखाली घामाघूम.

इथवरही मी चालवून घेतलं असतं. पण "जुना संपला नाय तवर नवा उघरायचा नाय," हा अप्पांचा कायदा होता. आणि पीक इतकं यायचं की जुना कधी संपायचाच नाही. मग नवा वाल डब्यात बसून बसून जुना व्हायचा, त्याला भुंगे लागायचे, दाण्यादाण्याला भोकं पडायची, आणि मग कुठे आमच्या पानात यायची त्याची पाळी लागायची. भिजत घातला की निम्मा वर तरंगायचा. उरलेल्याला मोड आणताना माझ्या नाकी नऊ यायचे. मी पनवेल गावात वाढलेली, मंडईतून वाल आणून खाणारी. लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "वालवाल्यांच्या घरात पडतेस, मजा आहे तुझी!" डोंबलाची मजा! लग्नानंतर चांगलं बिरडं मी खाल्लं ते माहेरी, विकतच्या वालाचं.

एकदा मी सरळ बोलून टाकलं. "अप्पा, यंदा नवा खाऊ या आणि जुना घालू कोंबड्यांना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर पेटवायला काडी मागितली. "कोंबऱ्यांना? सूनबाय, वाल हाय तो. टाकायची जिन्नस हाय का?" त्यांचा पुतण्या तळोजाला कारखान्यात असतो. त्यानं धान्यात ठेवायच्या गोळ्या आणून दिल्या, तर अप्पा म्हणाले, "ते इष तुजे घरी ठेव." भुंगे चालतील, गोळी नको. असल्या माणसापुढे किती डोकं फोडायचं!

सासूबाईंचं माहेर ओवे गावचं. "आमचे घरी शिमग्याला नवे वालाचा बिरडा असायचा," असं त्या दरवर्षी सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा बघवायचा नाही. या घरात आल्यापासून वाल पेरला त्यांनी, काढला त्यांनी, पाखडला त्यांनी. नवा वाल एकदाही खाल्ला नाही. त्यावरून भांडल्याही नाहीत. त्यांच्या त्या न भांडण्याचाही मला संताप यायचा.

दोन वर्षांपूर्वी चैत्रात त्या अंथरुणाला खिळल्या. घास जाईना. डॉक्टर म्हणाले, मागतील ते खाऊ द्या. याचा अर्थ काय ते घरात सगळ्यांना कळलं. मी विचारलं, "आई, काय करू तुमच्यासाठी?" त्या म्हणाल्या, "नवे वालाचा बिरडा कर." अप्पा दारातच उभे होते. मला वाटलं, आता तरी हा माणूस डबा फोडेल.

अप्पा खोलीत गेले आणि परातभर वाल घेऊन आले. जुना. ओटीवर बसले, चष्मा चढवला आणि दुपारभर एकेक दाणा उजेडाकडे धरून निवडत राहिले. भोक नाही, सुरकुती नाही, असाच दाणा बाजूला काढायचा. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. संध्याकाळी ओंजळभर वाल माझ्यापुढे ठेवला आणि हळूच म्हणाले, "तिला सांग, नवा हाय."

माझं डोकंच फिरलं. "अहो अप्पा, डबा उघडायला काय हात झडलेत?"

"ती बरी होऊ दे. मंग उघरू. सगली बसून खाऊ," असं म्हणून ते उठून गेले.

दोन दिवसांनी बिरडं झालं. आईंनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "नवा हाय?" अप्पा म्हणाले, "नवा." आईंनी मान हलवली. अप्पा बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "जुना होता. पन त्यांना नको बोलू. दिसभर निवडत बसले होते." आणि चक्क हसल्या! मला असलं प्रेम कळत नाही, स्पष्ट सांगते. बायकोनं एक गोष्ट मागितली, नवऱ्यानं ती सोडून भलतीच दिली, आणि वर त्याचं कौतुक. जळलं मेलं ते कौतुक!

वैशाख लागायच्या आत आई गेल्या.

बाराव्याच्या जेवणाला आमच्याकडे वाल लागतोच. कार्याच्या आधी दोन दिवस अप्पांनी स्वतः नवा डबा ओढत अंगणात आणला, लिंपण फोडलं, झाकण उचकटलं. आत टपोरे दाणे, एकालाही भोक नाही. मोड तर असे तरारून आले की मी बघतच राहिले. बाराव्याला पहिलं पान आईंच्या फोटोपुढे ठेवलं. गावची माणसं पोटभर जेवली, "काय वाल हाय!" म्हणाली. अप्पांनी मात्र बिरड्याला हात लावला नाही.

पंगती उठल्यावर मी त्यांना गाठलंच. राग पोटात मावत नव्हता. "आता उघडलात, अप्पा? आता कुणासाठी?"

अप्पा म्हणाले, "तवा उघरला असता तं मलाच मानावा लागला असता, का ती चालली. म्हनून नाय उघरला."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते मी गिळलं आणि ताटं उचलायला गेले.

गेल्या पावसात अप्पाही गेले. तो वाल जुना असल्याचं आईंनी ओळखलं होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या माणसापुढे मी तोंड आवरलं ते तेवढंच.