पिवळीच्या सासरी

लग्नानंतरची माझी पहिली होळी, साधारण साठ-एकसष्टची. केळापूरकडच्या रानात एक पळस पिवळा फुलतो, असं हे जेवताना सहज बोलून गेले. मी पुण्याची, पळस केशरीच असतो एवढंच ठाऊक. तेव्हापासून मी भुणभुण लावली ती सुटीच्या दिवशी यवतमाळच्या एसटीत बसूनच थांबवली.

निघताना सासूबाईंनी भाकरी-ठेचा बांधला आणि कामही लावलं. "सालीचा येक तुकडा आणजो. तिजोरीत ठेवली का लक्ष्मी हालत नाही म्हन्तेत."

पांढरकवड्याला उतरून दमणी करावी लागते. जाणार असाल तर बैलगाडीचं भाडं बसण्याआधी ठरवा. आम्ही उतरल्यावर ठरवलं. पुढे बंजाऱ्यांचा तांडा लागतो. तिथे कोपरापर्यंत बांगड्या ल्यालेल्या एका आजींनी अडवलं. सगळे त्यांना याडी, म्हणजे आई म्हणत. गुळाचा चहा घेतल्याशिवाय सोडीनात. आम्हीही मजेत दोन-दोन कप रिचवले.

नाल्याच्या वळणावर पिवळा रंग दिसला आणि मी धावत सुटले. सगळं रान केशरी, मधे ते एकच झाड हळद लागलेल्या नवरीसारखं. मी टाळ्या पिटल्या, ह्यांचे हात धरून गिरक्या घेतल्या. नव्या सुनेला शोभेल असं काहीच केलं नाही.

मग झाडामागे गेलो. हात पोचेल तिथवर खोड सोललेलं होतं, वर शेणमातीचा लेप. त्या बाजूच्या फांद्या वाळल्या होत्या. माझं हसू गेलं. ह्यांनी चाकू उघडला होता, तो हातातच राहिला.

याडी मागोमाग आल्या होत्या. "समदे म्हन्तेत, थोडीशीच पायजे. आता थोडीशी गेली तरी मरन पोर."

"पोर?"

"पिवळी आमची लेक हाय. रानाले देली. लेकीले लेकरू होत नाही तवरी माहेरच्यानं तिच्या घरचं काही घेऊ नाही."

"पन आमी कुठचे माहेरचे?" ह्यांनी विचारलं.

"तांड्याचा चहा पेले ना?"

मी हसत खालीच बसले. हे चाकू मिटून शेण कालवायला लागले. माझी नवी साडी कामातून गेली, तरी परतताना एसटीत आम्हाला हसू आवरेना.

"लेकीच्या घरचं घेत नाही, आई," ह्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या उठून चुलीकडे गेल्या. मला वाटलं, रुसल्या.

दोन पावसाळ्यांनी याडी बाजाराच्या दिवशी दारात उभ्या. "पिवळीले लेकरू झालं. तीन पानं हायेत."

ते पिवळं फुलेल की केशरी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला मात्र नाचावंसं वाटत होतं. ह्यांनी आईला डिवचलं, "आता आनू का साल?"

"बाळंतिनीची?" सासूबाई म्हणाल्या, आणि याडींच्या ओढणीत डिंकाचे लाडू घातले.