दोन इस्पिक, हातात काही नसताना

ब्रिज हा साहेब लोकांचा खेळ आहे, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत मोठ्यानं सांगत असे. मावशीनं ते कधी खोडलं नाही. एका रविवारी ती एवढंच म्हणाली, "माझी पार्टनर लेकीकडे गेलीय, सहा महिने येत नाही. तू चल."

मावशी कळवणला सरकारी कचेरीत क्लार्क होती. तिथल्या साहेबांना दुपारच्या सुट्टीत चौथा गडी मिळेना, म्हणून त्यांनी तिला बसवलं, आणि मग ती उठलीच नाही. रिटायर होऊन नाशिकला आल्यावर द्वारका चौकाजवळ एका दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चार टेबलं लागतात, हे तिनं महिन्याभरात शोधून काढलं.

मी पत्रकं लिहिते. आमच्या कॉलनीपर्यंत सिटी बस यावी, नळाला पाणी माणसं जागी असताना यावं, असल्या मागण्यांची. बुद्धविहारासमोरच्या चौकात उभी राहून ती वाटते, आणि कुणी "हे काय?" म्हणालं की तिथंच समजावून सांगते. असल्या माणसाला त्या हॉलमधला अलिखित कायदा पहिल्याच दिवशी खटकणार होता. बारा पॉइंट नसतील तर तोंड उघडायचं नाही!

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एका बाजूचे. पत्ते दाखवायचे नाहीत. खेळ सुरू व्हायच्या आधी आळीपाळीनं बोली लावायची, म्हणजे हुकूम कोणता आणि किती हात जिंकू ते सांगायचं, आणि तिच्यातूनच पार्टनरला आपला हात कळवायचा. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. बेरीज बारा झाली तर बोली उघडा, नाहीतर 'पास' म्हणा. म्हणजे ज्याच्या घरी आधीच राजे-एक्के, त्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. मी म्हटलं, हे तर बाहेर चाललंय तेच इथं!

"ओरडू नको," मावशी म्हणाली. "त्यावर इलाज हाय."

इलाज म्हणजे तिची लाडकी बोली. हातात सहा-सात पॉइंट, म्हणजे तसा कंगालच हात. पण पाच पत्ते इस्पिकचे आणि पाच किलवरचे किंवा चौकटचे. असा दोन रंगांचा हात आला की ती गप्प बसत नाही, सरळ 'दोन इस्पिक' म्हणते. पार्टनरला कळतं की हात हलका आहे पण दोन रंग लांब आहेत. चांगल्या पत्तेवाल्यांची मात्र पंचाईत होते. त्यांना 'एक'पासून सावकाश चढत जायचं असतं, आणि आता सुरुवातच दोनच्या वर करावी लागते. घाटात जीप आडवी लावल्यासारखं.

मला ती बोली जाम आवडली. हातात काही नसणाऱ्यानं आधी बोलायचं, याहून चांगलं काय असतं?

तिसऱ्या रविवारी मावशीनं ती जीप क्लबचा कारभार बघणाऱ्या डॉक्टरांच्या पुढ्यात लावली. त्यांच्याकडे अठरा पॉइंट होते आणि बदामचा लांबलचक रंग होता. दोन इस्पिकनंतर ते बिचकले, पास म्हणाले, आणि हातचा मोठा डाव गेला. मावशीचे पत्ते उघडे पडल्यावर ते लालबुंद झाले.

"सहा पॉइंटवर? बाई, हा ब्रिज नाही, ही लबाडी आहे. पुढच्या वेळेपासून असल्या बोली बंद!"

जिना उतरताना मावशी एका पायरीवर थांबली. गुडघ्यांमुळे ती हल्ली कुठंच जात नाही. आठवड्यातून हा एकच जिना हौसेनं चढते. म्हणाली, "बंद केलं तर मी नाय यायची. मला पत्ते असलेच येतात. दुपारभर पास, पास, पास. तेवढं तर मी घरून फोनवरही म्हणेन."

तिचा तो चेहरा मला सहन झाला नाही. घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. मथळा: 'हलक्या हातानं गप्पच बसावं काय?' मावशीनं चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"झ्याक लिहिलंय. पण डॉक्टरांचं चुकलं कुठं?"

"मावशी! तू त्यांची बाजू घेतेस?"

"घेते. मी काय बोलले ते तुला कळलं, त्यांना नाय. ब्रिजमध्ये चोरून बोलायचं नसतं. पार्टनरला जे कळतं ते समोरच्यालाही कळलं पाहिजे. इथं सगळे एकसारखेच खेळायचे, म्हणून आजवर कुणी विचारलं नाय. आपण सांगितलं का?"

मी पत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं. पटलं होतं म्हणून नव्हे; लागलं तर पुन्हा काढता यावं म्हणून.

मावशीनं डॉक्टरांना फोन केला. ठरलं असं: एक रविवार बघायचं. कुणी असली बोली लावली की त्याच्या पार्टनरनं टेबलावर टकटक करायचं. समोरच्यानं विचारलं तर अर्थही पार्टनरनंच सांगायचा. बोली लावणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं, नाहीतर आपल्याच पार्टनरला आपला हात सांगितल्यासारखं होतं. "आणि एक जरी गडबड झाली," डॉक्टर म्हणाले, "तर विषय संपला."

त्या रविवारी डॉक्टर आमच्याच टेबलावर बसले. मावशीच्या बोलीवर मी टकटक केलं, अर्थ सांगितला, सगळं सुरळीत. मग तसला हात मला आला. पाच इस्पिक, पाच किलवर, सात पॉइंट. मी 'दोन इस्पिक' म्हटलं. मावशीनं टकटक केलं. डॉक्टरांनी विचारलं, "याचा अर्थ?"

कुणी अर्थ विचारला आणि मी गप्प बसले, असं माझ्या आयुष्यात झालेलं नाही.

"हात हलका आहे, डॉक्टर. पाच इस्पिक आणि पाच किलवर."

दुसरा रंग किलवर की चौकट, हे मावशीलासुद्धा कळायला नको होतं. आणि मी ते तिच्या तोंडावर सांगून बसले होते.

"झालं!" डॉक्टर म्हणाले.

मावशीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हातातले पत्ते एकदा चाळले आणि म्हणाली, "पास."

दोन इस्पिकवरच बोली थांबली. डॉक्टरांनी पहिलं पान टाकलं आणि मावशीनं रीतीप्रमाणे आपले पत्ते टेबलावर मांडले. किलवरचे पाच, त्यात एक्का आणि राजा. चौकटचा एकच. शिवाय बदामचा एक्का. माझे पाच किलवर आणि तिचे पाच. आम्ही थेट पाच किलवरपर्यंत जाऊन मोठा डाव घेतला असता. मला रडू यायचं बाकी होतं.

डॉक्टर त्या किलवरकडे बघत राहिले. "बाई, तुम्ही ऐकलं होतं ना, ती काय म्हणाली ते?"

"ऐकलं की. बहिरी नाय मी."

"मग?"

"ती तुम्हाला सांगत होती, डॉक्टर. मला नाय. माझ्या हातात किलवर पाच, चौकटचा एकच. म्हटलं, हिचा दुसरा रंग चौकटच असणार. मग कशाला वर जाऊ?"

"मोठा डाव सोडलात."

"सोडला. पोरीला आवरायला शिकवीन आता."

मी म्हणाले, "मी काही वाईट हेतूनं—"

"तू गप्प बस!" दोघंही एकदम म्हणाले, आणि मग डॉक्टरच आधी हसले. दोन इस्पिकला लागतात त्याहून जास्तच हात मी जिंकले. थोडेच मार्क मिळाले. चहा आला तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची मावशीकडे ओढली. "लबाडी म्हणालो ते मागे घेतो. आता मला सांगा, दुसरा रंग कोणता हे पार्टनरला विचारायचं कसं?"

असल्या बोली चालतील, असं त्यांनी उठताना सगळ्यांना सांगितलं. त्यांनी सांगावं आणि मग चालावं, हे मला आजही खटकतं. मतदान घ्यायला हवं होतं. पण मावशी जिना उतरताना गुणगुणत होती, म्हणून मी तो मुद्दा त्या दिवशी काढला नाही.

आता निम्मा हॉल ती बोली लावतो. डॉक्टर तर चार पॉइंटवरही लावतात आणि सपाटून हरतात. चारही टेबलांवर दुपारभर टकटक चालू असते. खालच्या दुकानदारानं एकदा वर येऊन विचारलं, सुतारकाम काढलंय का. मावशीला पत्ते अजून वाईटच येतात. ती ते पंख्यासारखे पसरते, पदर नीट करते आणि भरल्या पोटानं म्हणावं तशी म्हणते, "दोन इस्पिक."