गादीखालची पट्टी

माझे सासरे आयुष्यात एकदाही झोपलेले नाहीत. असं त्यांचंच म्हणणं आहे. फौजेतून सुभेदार होऊन कोरेगावात परतलेला हा माणूस रात्री फक्त ‘डोळे मिटून पहारा’ देतो, आणि त्या पहाऱ्याच्या आवाजानं गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघते. घोरण्याचा आरोप झाला की ते पुरावा मागत. “कुणी ऐकलं? मी तर न्हाई ऐकलं!” चहा पिता पिता मान पडे, पण कपातला थेंब सांडत नसे. शिस्त म्हणजे शिस्त.

सासूबाईंनी मात्र एकदा मला बाजूला घेतलं. “आवाजाचं काय न्हाई, जावईबापू. मदीच श्वास बंद पडतोय, तवा माझाच जीव जातोय.”

मी सासऱ्यांना सांगलीला आमच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी अंगाला वायरी लावून झोपेची तपासणी सुचवली. “मी काय ट्रान्सफॉर्मर हाय व्हय?” म्हणत सासरे उठलेच. मग मी चोरवाट काढली. गादीखाली लावायची एक पातळ पट्टी मिळते. ती अंगाला न शिवता श्वास मोजते आणि मोबाइलवर कळवते. कोरेगावला जाऊन मी ती गुपचूप त्यांच्या गादीला खालून चिकटवली आणि मुक्काम ठोकला.

सकाळी मोबाइल लालेलाल! श्वास सारखा अडकलेला. हादरून मी सासऱ्यांपुढं सगळं कबूल केलं. ते मिशीत हसले.

“पावणं, जावई मुक्कामाला आला की घरातली चांगली गादी कुणाला घालत्यात? माझी गादी काल तुमच्याच अंगाखाली हुती. मी घोंगडीवर. आजार तुमचा, आन् दवाखान्यात मी?”

मग हसू आवरून म्हणाले, “चोरून कशापायी? इचारायचं की.”

तेच तर जमलं नव्हतं. लग्न होऊन केस पिकले, तरी आमच्यात ‘यंदा ऊस कसा?’ यापलीकडे बोलणं गेलेलं नाही. ‘मला तुमची काळजी वाटते’ एवढं तोंडातून निघेना, म्हणून मी यंत्र विकत आणलं होतं.

पुढं त्यांनी राजीखुशीनं पट्टीवर झोपून दाखवलं. निकाल माझ्यासारखाच. आता आम्ही दोघंही डॉक्टरांनी दिलेलं, श्वास अडकू न देणारं यंत्र नाकाला लावून झोपतो. ते त्याला बैलाचं मुसकं म्हणतात. त्यांची पट्टी रोज सकाळी मला खुशाली कळवते.

परवा कळवलं, गादी रिकामी. घाबरून फोन लावला.

“उसाला पाणी पाजाय आलोय, पावणं. श्वास हितं घेतोय!”

ते बांध चढत होते. ‘यंदा ऊस कसा?’ हेही विचारून झालं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. त्यांना लागलेली धाप मी कितीतरी वेळ ऐकत राहिलो.