सिगारच्या खोलीतलं स्टूल

लवू घाडीगावकरने जन्मात कधी विडी ओढली नाही, तंबाखू मळली नाही, सुपारीचं खांडसुद्धा दाताखाली धरलं नाही. तरी रोज सकाळी दहाच्या ठोक्याला हा माणूस लोअर परळच्या एका टॉवरमधल्या क्लबात जाऊन चारेकशे सिगारींची विचारपूस करायचा. क्लबाचे मेंबर आपापल्या सिगारी ज्या काचेच्या खोलीत ठेवायचे, तिला सगळे ह्युमिडॉर म्हणत. लवू मात्र तिला 'खातं' म्हणायचा. गिरणीतल्या प्रत्येक विभागाला खातं म्हणत, आणि गिरणी बंद पडून वीस वर्षं उलटली तरी लवूच्या तोंडातून ती काही जात नव्हती.

सिगार ही भलतीच नाजूक प्रकृतीची वस्तू. हवा कोरडी पडली की वरचं पान तडकतं, ओल वाढली की बुरशी धरते. शंभरात अडुसष्ट ते सत्तर एवढाच दमटपणा तिला मानवतो. शिवाय आजूबाजूचा कुठलाही वास ती पटकन उचलते. म्हणून लवूने ड्युटीच्या दिवशी मासे सोडले होते. मालवणच्या माणसाने आठवड्यातले सहा दिवस डब्यात भेंडी न्यायची, म्हणजे काय ते मालवणच्याच माणसाला विचारा. डिलाईल रोडच्या चाळीत त्याची बायको शेवंती डबा भरता भरता रोज तेच म्हणायची, "विडयेक एसी आनि आमका पंखो!"

लवूला हे काम मिळालं तेही मजेशीरच. गिरणी कामगारांच्या संपानंतर, चौऱ्याऐंशी साली, तो बावीस वर्षांचा असताना गिरणीत लागला. कापड विणायचं ते सांचेखातं. तिथे हवा जरा कोरडी पडली की सूत पटापट तुटायचं, माग थांबायचे आणि विणकर हवा बघणाऱ्याच्या सात पिढ्या काढायचे. म्हणून खात्यात पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा दमट ठेवत. खात्यातल्या राजाराम मास्तरांनी लवूच्या हातात एक लाकडी चौकट दिली होती. तिच्यात दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्यात गुंडाळलेला. दोघांतला फरक बघायचा आणि हवेत ओल किती ते ओळखायचं. अठरा वर्षं लवू ती चौकट घेऊन फिरला. चाळीत त्याचं नावच हवावाला पडलं.

मग गिरणी बंद झाली आणि हवावाला वॉचमन झाला. आज या सोसायटीचं गेट, उद्या त्या ऑफिसचं, पण खुर्ची सगळीकडे तीच, प्लास्टिकची, एका पायात लुळी. बसून बसून वर्षं गेली. शेवटी या क्लबाच्या दारावर आला. एकदा कुणाचीशी छत्री द्यायला सिगारच्या खोलीत गेला आणि सहज बोलून गेला, "इथं ऐंशी हाय वाटतं." तेव्हाचा मॅनेजर हसला. मीटर बघितला तर एकोणऐंशी! दुसऱ्या दिवसापासून लवूची बदली आत झाली. साठीला टेकलेला माणूस त्या संध्याकाळी जिने दोन दोन पायऱ्यांनी चढला आणि शेवंतीला म्हणाला, "मिळालं गं माझं काम परत."

याला चार वर्षं झाली. मेंबरांच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याला मागच्या कोपऱ्यात, खालच्या फळीशेजारी एक स्टूल दिलं होतं. त्यावर बसून लवू हवा राखायचा.

आणि ऑगस्टमधल्या एका गुरुवारी नवी मॅनेजर रुपाली एक पांढरी डबी घेऊन आली. बत्तीस वर्षांची पोरगी, नायगावच्या चाळीत वाढलेली, कामाला वाघीण. डबी तिने दारापाशी लावली.

"काका, हे मशीन दर मिनिटाला माझ्या मोबाईलवर रीडिंग पाठवणार. बघा, अडुसष्ट. एकदम परफेक्ट." मग ती म्हणाली, "हेड ऑफिस विचारतंय, मशीन आहे तर या खोलीत माणूस कशाला? सोमवारपासून तुम्हाला पार्किंगच्या गेटवर टाका म्हणतायत."

लवूच्या डोळ्यांसमोर ती लुळी खुर्ची आली. "अडुसष्ट?" तो उसळून म्हणाला. "मॅडम, सांगणारच होतो, दोन दिवस इथं ऐंशीच्या खाली नाय. माझ्या पायाला कळतंय."

"पायाला?"

"गिरणीत अनवाणी फिरायचो. घोट्याला हवा लागली की आकडा सांगायचो. अठरा वर्षं सांचेखातं सांभाळलंय मी."

"माझे आजोबा पण गिरणीतच होते, काका," रुपाली म्हणाली. "रिंगखात्यात, सूत कातायला. सांचेखात्यात धागा तोंडाने ओढावा लागायचा, तिथे आमच्या जातीच्या लोकांना घेत नव्हते ना, म्हणून. तिकडची हवा कोण बघायचं?"

"मीच," लवू म्हणाला. "पण सांचेखात्यात दिवसाला चार फेऱ्या, आणि तिकडे एक. कधी कधी तीही नाय." हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्यावर त्याला लाजच वाटली.

रुपालीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "ठीक आहे. भांडण नको, मशीनचीच परीक्षा घेऊ. मशीनबरोबरच्या कागदावर लिहिलंय, बंद डब्यात ओलं मीठ ठेवलं की आतली हवा बरोबर पंचाहत्तर होते. मशीनने तेवढं दाखवलं तर मशीन खरं."

"आणि खरं निघालं तर तुम्ही पाठवायची गरज नाय," लवू छाती पुढे काढून म्हणाला. "मी स्वतः जाऊन गेटवर बसतो."

एवढं बोलायची काही गरज होती का? नव्हती. पण लवू बोलून गेला.

क्लबाच्या किचनमधल्या मिठावर त्याचा विश्वास नव्हता. जेवायच्या सुट्टीत तो तडक घरी गेला आणि शेवंतीच्या बरणीतलं मीठ घेऊन आला. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटू नये म्हणून शेवंती त्यात तांदळाचे दाणे टाकते. ते दाणे त्याने चष्मा लावून एकेक करून वेचून काढले. रुपाली शेजारी उभी राहून हसू दाबत होती. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, वर पाण्याचे चार थेंब टाकले, परीक्षेपुरतं मोबाईलवर रीडिंग पाठवणं बंद केलं, झाकण आणि मशीन दोन्ही घट्ट डब्यात ठेवली आणि संध्याकाळी दोघं घरी गेली.

शुक्रवारी लवू पावणेदहालाच हजर झाला. खोलीत कुणी नव्हतं. डब्याच्या पारदर्शक झाकणातून आकडा दिसत होता. पंचाहत्तर. लवूने डोळे चोळले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. पंचाहत्तर. डबा जरा उघडून ठेवला असता तर आकडा हलला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. हा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं नाही, आला आणि चांगला मिनिटभर टिकला. रुपाली आली तेव्हा डबा तसाच बंद होता.

"मशीन खरं हाय, मॅडम," तो म्हणाला. "मी चुकलो. सोमवारी गेटवर जातो."

ती काहीतरी बोलायला गेली, पण लवूने फडकं उचललं आणि काचा पुसायला घेतल्या. त्याला कुणाकडून समजूत काढून घ्यायची नव्हती. दिवसभर त्याचे घोटे ऐंशी म्हणत होते आणि तो त्यांच्यावर चिडत होता. म्हातारे झालात, तो त्यांना म्हणाला.

घरी आला तर शेवंती जमिनीवर दोन डबे उघडून बसलेली. मे महिन्यात ती कफ परेडच्या मच्छीमार नगरातून पावसाळ्यासाठी सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी आणते, निवडून, घासाघीस करून. त्या सोड्यांवर तिचा पोरांपेक्षा जास्त जीव.

"तोंड कित्याक पाडलात? काय झाला?" तिने विचारलं.

लवूने सगळं सांगितलं. पाय म्हातारे झाले, हवा कळेनाशी झाली, सोमवारपासून परत गेट. शेवंतीने ऐकून घेतलं. मग दोन्ही डबे त्याच्यापुढे सरकवले.

"हात घाला. ह्यो डबो गॅसकडचो."

लवूने हात घातला. सोडे खडखडीत.

"आता ह्यो मोरीकडचो. एकाच दिवशी घेतलले, एकाच बाईकडसून."

हे सोडे मऊ पडले होते. बोटाला ओल लागली.

"सकाळपासून रडतंय मी हेंच्या नावान," शेवंती म्हणाली. "खोली एक आसली म्हणान हवा एक आसता काय?"

लवू हातात मऊ सोडा धरून तसाच बसला. दहा बाय बाराची खोली, आणि तिच्यात दोन हवा. क्लबात मशीन दारापाशी. स्टूल मागच्या भिंतीला, खाली. मशीन दारापाशी खरं होतं आणि घोटे कोपऱ्यात खरे होते. आणि राजाराम मास्तर! नवशिक्या लवू एकदा खात्याच्या दारात उभा राहून चौकट बघून परत आला होता, तेव्हा मास्तरांनी त्याच्या टाळक्यात टपली मारली होती. "हवा उभ्याउभ्या बघायची नसते रे. चालून बघायची. आठ ठिकाणी थांब, आठ आकडे आण." अठरा वर्षं तो चालला होता. मग वॉचमनकीने त्याला बसवलं, आणि गेल्या चार वर्षांत त्याला उठायचं सुचलंच नव्हतं.

"शेवंते," तो म्हणाला, "मी पण गाढव आणि ते मशीन पण गाढव. दोघं एका जागी बसून होतो."

"सोडे फुकट गेले त्याचा काय ता सांगा," शेवंती म्हणाली.

शनिवारी सकाळी त्याने रुपालीला अर्धा तास मागितला. दारापाशी परत लावलेलं मशीन भिंतीवरून उतरवलं, हातात धरलं आणि निघाला. चपला त्याने दाराबाहेर काढल्या होत्या. दारापाशी अडुसष्ट. मधल्या फळीवर सत्तर. उजव्या अंगाला एकाहत्तर. प्रत्येक ठिकाणी तो पाच मिनिटं थांबायचा, आकडा ठरेपर्यंत. रुपाली मागे मागे, मोबाईलमध्ये बघत. मागच्या कोपऱ्यात स्टुलाशेजारी त्याने मशीन खाली ठेवलं. शहात्तर. एकोणऐंशी. ब्याऐंशी.

रुपालीने भिंतीला हात लावला. भिंत गार आणि चिकट होती. पलीकडे गेल्याच महिन्यात किचनचं नवं कोल्ड स्टोरेज बसवलं होतं. दोघांनी खालच्या फळीवरचं शेवटचं खोकं उघडलं. क्लबाच्या सगळ्यात जुन्या मेंबरच्या सिगारी. दोन सिगारींच्या टोकाला पांढरी लव नुकती कुठे धरू लागली होती. आणखी आठवडा गेला असता तर अख्खी फळी फुकट गेली असती.

"काका," रुपाली म्हणाली, आणि मग तिला एकदम हसू फुटलं. "तुमचे पाय!"

लवूलाही हसू आवरेना. दोघांनी मिळून खोकी वरच्या फळ्यांवर हलवली. रुपालीने तिथेच उभं राहून हेड ऑफिसला फोन लावला. "मशीन चांगलं आहे सर, पण ते चालत नाही. चालणारा माणूस लागेल. हो, आहे आमच्याकडे." फोन ठेवून ती म्हणाली, "दिवसाला चार फेऱ्या, काका. मागच्या कोपऱ्यातसुद्धा चार. चालेल?"

ती या कोपऱ्याबरोबर रिंगखात्याबद्दलही बोलतेय ते लवूला बरोबर कळलं. "तिथे पाच मारीन, मॅडम," तो म्हणाला.

"आणि हे स्टूल? इथे ओल आहे, दुसरीकडे कुठे ठेवू तुमच्यासाठी?"

लवूने स्टुलाकडे बघितलं. "नको," तो म्हणाला. "काढूनच टाका."

संध्याकाळी मॅनेजरच्या परवानगीने ते स्टूल खांद्यावर घेऊन लवू डिलाईल रोडवरून चालत घरी आला. चाळीच्या दारात कुणीतरी ओरडलं, "काय हवावाले, बसायची सोय केली काय?" लवू हसला आणि जिना चढला. शेवंतीने स्टूल पुसलं, मोरीपासून लांब ठेवलं आणि त्यावर सोड्यांचा डबा चढवला. मग वाचलेल्या सोड्यांची आमटी केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, ड्युटी नव्हती, त्यामुळे लवूने तीन वेळा भात घेतला.