रामाजींचा तळहात

उमरेड रोडच्या पल्याडच्या ले-आऊटमध्ये बोअर मारायचा असला की पहिला फोन रामाजींना. रामाजी पाणाडे होते, जमिनीखालचं पाणी शोधून देणारे. तळहातावर नारळ आडवा ठेवायचे, डोळे अर्धे मिटायचे अन् पाऊल-पाऊल चालायचे. नारळ उभा झाला, तिथं पाणी. चाळीस वर्षांत एकही बोअर कोरडा गेला नव्हता, आणि हे ते स्वतःच दिवसातून चारदा सांगायचे.

यंदा सोसायटीचे अध्यक्ष गिरिधरभाऊंनी बोलावलं. रामाजी थेट सात नंबरच्या प्लॉटवर. नारळ टुणकन उभा! "इथंच मारा गा भाऊ. टाकी पुरणार नाही तुमाले."

चारशे फुटांवरही नुसता भुगा उडाला. माणसं फिदीफिदी हसली. "काहून गा रामाजी," गिरिधरभाऊ म्हणाले, "नारळाले झोप लागली होती का?"

घरी रामाजी भिंतीकडे तोंड करून बसले. रुखमाबाईंनी चहा पुढे सरकवला.

"सांगून टाका न बाप्पा लोकायले."

"काय सांगू वं?"

"तुमचा अंगठाच नारळाले उभा करते म्हणून. मले लग्नाच्या वर्षीच दिसलं."

रामाजी ओशाळून हसले. पाणी ते जमीन वाचून ओळखायचे. उतार, दगड, उंबर. सात नंबरच्या जागी तर पूर्वी बोडी होती, तिच्यात ते पोहायला शिकले. तळं बुजलं तरी खाली ओल असेल, असं त्यांनी धरलं. पण ती ओल वरच्या गवताळ टेकडीतून झिरपत यायची. टेकडीवर आता घरं अन् सिमेंटचे रस्ते. पाऊस पडला की तासाभरात नाल्यात, तिथून नदीत, अन् गेला गावाबाहेर.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उरलंसुरलं नाव त्यांनी स्वतःच घालवलं. "नारळ मीच उभा करतो."

सोसायटीतल्याच भैरवी मॅडमनी विचारलं, "काका, आता पाणी आणाचं कुठून?"

"आणाचं नाही. पळून राहिलं, त्याले थांबवाचं."

सगळ्यांना घेऊन ते उतारानं निघाले अन् थांबले ते गिरिधरभाऊंच्या चकचकीत पार्किंगसमोर. "या टाइल्स काढा. इथं शोषखड्डा खणा."

"माह्याच काहून?"

"टेकडीचं अर्धं पाणी तुमच्याच गेटातून जाते. पाऊस आला की खुर्ची टाकून पाहा."

गिरिधरभाऊंनी टाइल्सकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "कोपऱ्यात खणला तर नाही चालन?"

रामाजींनी टाचेनं पार्किंगच्या बरोब्बर मधोमध रेघ ओढली.