लव्हॉनने विचारलं

लव्हॉन हॉस्टेटर या बाईवर मी जितका चिडलो तितका जन्मात कुणावर चिडलो नाही, माझ्या दोन्ही बायका धरून. आणि तिच्याइतकी सरळ बाई आमच्या खोऱ्यात दुसरी नव्हती, हेही आत्ताच सांगून टाकतो. सगळं दुखणं तिथेच आहे.

मी पाटकरी. हर्शेल म्हणतात मला. कोलोरॅडोच्या पश्चिम अंगाला वरच्या धरणातून आमचा पाट निघतो, आणि पीचच्या बागा, मका, गवताची कुरणं असं करत खाली नदीला मिळतो. एप्रिल ते ऑक्टोबर रोज पिकअप घेऊन त्याच्या कडेने फिरायचं, कुणाच्या शेताचं पाण्याचं दार किती उचलायचं ते बघायचं, अडकलेल्या फांद्या आणि मेलेले रॅकून बाहेर ओढायचे आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. पाण्याची पाळी चुकली की इथे भाऊ भावाला ओळखत नाही. माझ्या आधीच्या पाटकऱ्याला एकाने फावड्याने झोडपलं होतं, आणि तो झोडपणारा दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगायचा.

अशा जागी लव्हॉन कशी होती म्हणाल, तर तिने एकदा स्वतःच्या नवऱ्याची तक्रार केली. ऑरविल तेव्हा हयात होता. उन्हाळा कडक होता, बाग सुकत होती, आणि त्याने आपली पाळी लागायच्या आधीच दार उचललं. खालच्या शेतकऱ्याला पत्ताही नव्हता. पाणीवापर संस्थेच्या सभेत ही बाई उठली आणि म्हणाली, "ऑरविलने परवा पाणी चोरलं. आमच्या पुढच्या पाळीतून तेवढं कापा." ऑरविल शेजारच्या खुर्चीवर! बिचाऱ्याने टोपी नाकापर्यंत ओढली. सभा संपल्यावर मी त्याला म्हटलं, "लेका, काय बघून लग्न केलंस रे?" तर म्हणतो, "तू तिचा पीच कॉब्लर खाल्ला नाहीस अजून." पुढच्या वर्षी लोकांनी तिला संस्थेची सचिव केलं, आणि मग ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

ऑरविल गेला. मागे राहिली ती, बाग आणि मुलगा क्लेटन.

क्लेटनला लहानपणापासून आकडी यायची. साधी नव्हे. दिवसातून कितीदा तरी पोरगा उभ्याचा आडवा व्हायचा. दातांखाली जीभ, डोळे पांढरे. मी दोनदा त्याला पाटाच्या कडेवरून उचलून आणलाय. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आकडी थोडी कमी व्हायची, पण मग तो दिवसभर खुर्चीत बसून राहायचा आणि स्वतःच्या कुत्र्याचं नाव विसरायचा. शेवटी डेन्व्हरच्या एका डॉक्टरने गांजाचं तेल सुचवलं. आमच्या राज्यात ते औषध म्हणून कायदेशीर. डॉक्टरने सही केली, राज्याने क्लेटनच्या नावाचं कार्ड दिलं, आणि बिअरलाही न शिवणाऱ्या लव्हॉनने बागेच्या खालच्या कोपऱ्यात गांजाची सहा झाडं लावली, कायद्यात बसतात तेवढीच. दुकानातलं तेल तिने आणून पाहिलं होतं, पण दर बाटली वेगळी निघायची आणि आकडी परत यायची. म्हणून हिने एक वाण धरला आणि तेल घरी काढायला लागली. ते शिजायला लागलं की अख्ख्या गल्लीला स्कंक मेल्याचा वास.

पण गुण आला, देवाशपथ. महिनेच्या महिने आकडी नाही. बाविसाव्या वर्षी क्लेटन पीच भरायच्या शेडमध्ये कामाला लागला, फळं निवडायला. मी गाडीतून गेलो की ओरडायचा, "हर्शेलकाका, आज किती जणांनी आई-बाप काढले?" मी म्हणायचो, "अजून जेवणाची वेळ नाही झाली बाबा, तू थांब." हा तोच पोरगा, ज्याला चार शब्द सलग बोलता येत नव्हते.

काउंटीचा हवालदार एकदा झाडं मोजायला आला. सहाच्या सहा भरली. जाताना म्हणाला, "बाई, तुमचे टोमॅटो एवढे बरे नाहीत आले." म्हणजे राज्याचं काही म्हणणं नव्हतं.

म्हणणं होतं वॉशिंग्टनचं. डेन्व्हरचा, म्हणजे राज्याचा कायदा म्हणतो औषध, वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा कायदा म्हणतो गुन्हा. आणि आमचं धरण वॉशिंग्टनचं. त्यांच्या खात्याने फर्मान काढलं की धरणाचं पाणी या रोपाला द्यायचं नाही. जमीन आमची, रोप राज्याच्या परवानगीचं, पाणी केंद्राचं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

हे फर्मान आम्हाला कळलं ते वसंतातल्या पाट सफाईच्या दिवशी. त्या दिवशी पाटावरच्या प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन येतो, वाळलेलं गवत पेटवतो, गाळ उपसतो आणि दुपारी सगळे मिळून डबे उघडतात. ड्वेन प्रुइट हा संस्थेचा अध्यक्ष, कुरणवाला. त्याने ट्रकच्या मागच्या फळीवर उभं राहून ते वाचून दाखवलं. लोक हसले. मग एकेक जण आपापल्या बुटांकडे बघायला लागला. मी रोज कडेकडेने फिरणारा माणूस. कुणाच्या मक्याच्या चौथ्या ओळीमागे काय उभं आहे, कुणाच्या सूर्यफुलांआड काय डुलतंय, मला सगळं ठाऊक. नावं सांगणार नाही. पण त्या दिवशी जितकी माणसं गप्प होती, त्यातली निम्मी कशासाठी गप्प होती ते मी सांगू शकलो असतो.

लव्हॉन मात्र फावड्यावर हात टेकून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "म्हणजे माझ्या सहा झाडांनाही नाही का?"

ड्वेनने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "बीन्स गार होतायत."

मी तिला बाजूला घेतलं. "अगं बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण बघतंय तुझ्या कोपऱ्यात?"

"मी बघते ना," ती म्हणाली.

"मग बघू नकोस!"

"हर्शेल, पाळी मोडली तर मी ऑरविललाही सोडलं नाही. मग स्वतःला सोडू? मी आपली विचारून घेते. औषधाला नाही कशाला म्हणतील?"

आणि तिने विचारलं! आमच्याकडचीच माणसं करतील अशी ही चूक. पाटावर वाढलेला माणूस एक वेळ बायकोला न विचारता ट्रक विकेल, पण पाण्याचं विचारल्याशिवाय करणार नाही. आधी डेन्व्हरला फोन. ते म्हणाले, "रोपाला आमची परवानगी आहे, पाणी आमच्या हातात नाही." मग धरणाच्या खात्याला फोन. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, "पाणी आमच्या हातात आहे, पण तुम्ही म्हणताय त्याला आम्ही रोपच मानत नाही, तो गुन्हा आहे. आपलं नाव काय?" हिने सांगितलं. "पत्ता?" तोही सांगितला. वर अक्षरं एकेक करून सांगितली, त्यांची चूक व्हायला नको म्हणून!

हे ती मला स्वयंपाकघरात सांगत होती आणि मी तिच्या टेबलावर डोकं आपटत होतो.

जूनमध्ये पत्र आलं. तिला नाही, संस्थेला. धरणाचं पाणी, मग ते पाटाचं असो, शेतातून वाहून गेलेलं असो की गावच्या नळाचं असो, या झाडांना चालणार नाही. संस्थेला माहीत असूनही पाणी जात असेल, तर संस्थेच्या पाणी कराराचा फेरविचार करावा लागेल. करार म्हणजे सगळा पाट. सगळ्यांच्या बागा, सगळ्यांची कुरणं. कुणी विचारलं नसतं तर संस्थेला काही माहीतच झालं नसतं. आता माहीत होतं.

जुलैत शेतकरी हॉलमध्ये समितीची बैठक झाली. समिती पाच जणांची. त्यात ड्वेन, रमोना आर्चुलेटा आणि स्वतः लव्हॉन. मी पाटकरी म्हणून भिंतीला टेकून उभा, मला मत नाही. ड्वेनने ठराव मांडला: लव्हॉन हॉस्टेटर ती झाडं उपटत नाही तोवर तिच्या पाण्याच्या दाराला कुलूप.

"आणि पीचचं काय?" रमोना कडाडली. ही बाई मिरच्या पिकवते आणि तोंडही तसंच. "तीन आठवड्यांत तोड आहे. फळं झाडावरच सुकतील. त्या बागेवर ही जगते, ड्वेन!"

"मग उपटू दे ना झाडं. सहाच तर आहेत."

"तुझ्या पोराला आकडी येते का रे?"

ड्वेनचा चेहरा पडला. तसा तो वाईट माणूस नाही. "सुक्याबरोबर ओलंही जळेल, रमोना. वॉशिंग्टनने दार लावलं तर तुझ्या मिरच्यांना काय पाजशील?"

"नळाचं पाणीपण नको म्हणतात! म्हणजे क्लेटनने तेल घेतलं आणि वर घोटभर पाणी प्याला, तर त्याचं पोट काय केंद्राचं झालं?"

मतं झाली. दोन बाजूने, दोन विरुद्ध. लव्हॉन सचिव, खाली मान घालून बैठकीचं लिहीत होती. ड्वेन म्हणाला, "लव्हॉन, विषय तुझाच आहे. तू मत दिलं नाहीस तरी चालेल."

रमोना टेबलावर वाकली. "दोन-दोन म्हणजे ठराव पडला. देऊ नकोस मत. काही बोलू नकोस, नुसती बस. ऐकतेस ना?"

तिने काही म्हणजे काही करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. पुढची पाळी मिळाली असती, फळं घरी आली असती, सप्टेंबरात झाडं कापून पोराचं वर्षभराचं तेल झालं असतं. वॉशिंग्टनला पुढचं पत्र लिहायला हिवाळा उजाडला असता.

तिने पेन खाली ठेवलं. "पाटावर सगळ्यांची पोरंबाळं आहेत," ती म्हणाली. "विचारलं मी. उत्तर आलं. आता ऐकू आलंच नाही असं कसं म्हणू?" आणि तिने ठरावाच्या बाजूने हात वर केला. मग पेन उचलून तीन विरुद्ध दोन असं लिहिलं.

तिचा गळा दाबावा असं वाटलं मला. खरंच वाटलं. रमोना खुर्ची पाडून बाहेर गेली. ड्वेन तिच्या पडलेल्या खुर्चीकडे नुसता बघत बसला. त्यालाही ठराव असा जिंकायचा नव्हता.

बाहेर क्लेटन ट्रकमध्ये कुत्र्याला घेऊन बसला होता. "काय ठरलं गं?"

"पाणी बंद," ती म्हणाली. "नाहीतर तुझी झाडं काढायची."

"मग काढू आपण झाडं. बाबांची बाग आहे ती. मी जुन्या गोळ्या घेईन."

"तू गप्प बस आणि गाडी सरकव. बागा परत लावता येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप घेऊन मीच गेलो. नोकरी माझी, दुसरं कोण जाणार? साखळी दाराभोवती फिरवली, कुलूप अडकवलं. पलीकडे बाग उभी. फांद्या फळांनी वाकलेल्या, फळं नुकती लालीवर आलेली. ऑरविलने यातलं एकेक झाड कोवळं असताना गोणपाटात गुंडाळून थंडीतून वाचवलेलं मी पाहिलंय. मी कुलपाला एक लाथ घातली. पाय दुखला, दुसरं काही झालं नाही.

मागून पावलं वाजली. लव्हॉन घराकडून येत होती. दोन्ही हातांत भांडी घासायचं मोठं घमेलं, पाण्याने काठोकाठ भरलेलं, बाजूला साबणाचा फेस. बागेकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सरळ खालच्या कोपऱ्यात गेली, वाकली आणि पहिल्या झाडाच्या बुडाशी हळूहळू ओतायला लागली.

मी पाटकरी. पाणी दिसलं की तोंडातून तेच निघतं. "कुठलं पाणी गं ते?" मी विचारून बसलो आणि जीभ चावली. आता ही बया सांगणार, नळाचं, गावच्या टाकीचं, धरणाचं. आणि ते मला कळलं म्हणजे संस्थेला कळलं.

ती सरळ झाली. तिने माझ्याकडे बघितलं, मग वर आभाळाकडे. जूनपासून आमच्याकडे एक थेंब पडला नव्हता.

"पावसाचं," लव्हॉन म्हणाली.

तिचा चेहरा लाल झाला होता, चोरी करताना पकडलेल्या लहान पोरीचा होतो तसा. जिने ऑरविलला भर सभेत सोडलं नाही, ती ही बाई.

"बरं झालं पडला," मी म्हटलं आणि ट्रकमध्ये येऊन बसलो. रागाने रडू येतं ते मला त्या दिवशी कळलं.