गेनूभाऊंचा पट्टा

गेनूभाऊंच्या उजव्या हातावर अस्वलासारखे केस होते आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत. वस्तऱ्याला धार लागली की नाही, हे ते स्वतःच्या डाव्या हातावर पाहत. गिऱ्हाइकाच्या गालावर प्रयोग करणाऱ्याला ते कारागीर मानतच नसत. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचं एका खुर्चीचं दुकान होतं. मी शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारा शाळामास्तर.

साठ सालच्या सुमारास नव्या सलूनांत ब्लेड येऊ लागलं होतं. भाऊंना त्याची फिकीर नव्हती. "धार पट्ट्यात अस्ती मास्तर, लोखंडात न्हाई," ते म्हणत. तो पट्टा म्हणजे खुर्चीशेजारी खिळ्याला टांगलेलं हातभर चामडं, त्यांच्या वस्तादानं दिलेलं. वस्तरा त्यावर दहा-बारा वेळा उलटसुलट फिरल्याशिवाय भाऊ कुणाच्या गालाला साबणही लावत नसत.

एका पावसाळ्यात भाऊ भातलावणीसाठी गावी गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. चार दिवसांनी दुकानात डोकावलो, तर पट्ट्यावर हिरवी बुरशी. लोणावळ्यात त्या दिवसांत चपलांपासून वह्यांपर्यंत सगळ्यावरच बुरशी चढते. भाऊ खूश होतील म्हणून मी पट्टा धुण्याच्या सोड्यानं खसाखसा धुतला आणि आम्ही सगळे ओले कपडे वाळवायचो तसा, शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर पसरला. त्याचा पार पापड झाला.

भाऊ आले, पट्टा वाकवायला गेले, तर कडकन आवाज आला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मला झालं. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, ह्यो माजा हात व्हता." मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा आणून देतो म्हणालो.

"नवा तुमच्या शाळंत टांगा. तुमच्या हातनं वाळलाय, तुमच्याच हातानं मऊ व्हनार. बसा हितं."

मग आठ दिवस शाळा सुटली की मी दुकानात. सुरीच्या बोथट बाजूनं मळ खरवडायचा, दाढीच्या साबणाचा दाट फेस चोळायचा, फडक्यानं टिपून फळीखाली सावलीत दाबून ठेवायचा. वाळला की काचेची बाटली लाटण्यासारखी फिरवायची. मग एरंडेलाचे दोन थेंब आणि नुसता तळहात, गरम होईपर्यंत. "त्याल कमी, हात लय," भाऊ बजावत. गिऱ्हाइकं समोरच्या सलूनात जात होती, ते मला दिसत होतं. पण दुसऱ्याचा पट्टा भाऊंनी मागितला नाही.

नवव्या दिवशी पट्टा बोटाभोवती वळला. भाऊंनी त्यावर वस्तरा फिरवला, पहिली दाढी माझीच केली आणि म्हणाले, "झ्याक. आता परत ह्येला हात लावायचा न्हाई." मी पंधरा वर्षं लावला नाही.

पुढे भाऊंचे हात थरथरू लागले, तेव्हा त्यांनी एका दिवसात दुकान बंद केलं आणि ते गावी गेले. अंथरुणाला खिळलेत असं कळल्यावर मी भेटायला गेलो. दाढी महिन्याची वाढलेली. मुलगा वैतागून म्हणाला, "कुनालाबी हात लावू देत न्हाईत."

भाऊंनी मला पाहिलं आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. "मास्तर, पट्टा घ्या."

मी आयुष्यात वस्तरा धरला नव्हता. "भाऊ, गळा आहे हो," मी म्हणालो.

"माजाच हाय न्हवं? आठ दिस चोळलाय तुमी त्यो पट्टा. फिरवा."

फिरवला. दोन ठिकाणी रक्त आलं. भाऊ डोळे मिटून स्वस्थ पडून होते. मला रडू येत होतं, पण गळ्यावर वस्तरा असताना रडायची सोय नव्हती. ती त्यांची शेवटची दाढी. संपली असं समजून मी वस्तरा खाली ठेवला. भाऊंनी थरथरत्या तळहातानं दोन्ही गाल चाचपले, हनुवटीखाली बोट ठेवलं आणि गुरकावले, "हितं राहिलंय. पट्ट्यावर मारा आन् परत या."